ताईंचा चौकोन

आनंदनगर एमआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणारा एक कारखाना होता. तिथे मी कॉम्प्युटर सांभाळायला लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. २००६ च्या आसपासची गोष्ट. पदाचं नाव मोठं होतं, पण काम म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढण्यापासून सर्व्हरच्या बॅकअपपर्यंत जे पडेल ते. सर्व्हर म्हणजे स्टोअररूममध्ये टेबलाखाली ठेवलेला एक जुना पीसी. त्याच्यावर ओला टॉवेल वाळत घालू नका अशी चिठ्ठी मीच चिकटवली होती.

त्याच वर्षी आम्ही उल्हासनगरच्या एका कॅम्पातली चाळ सोडून बदलापूरला, शिरगावात राहायला आलो होतो. नवी इमारत, दुसरा मजला, एक खोली आणि हॉल. दारावर पाटी लावायची वेळ आली तेव्हा आडनाव लिहायचं की नाही यावर आई-बाबांत आठवडाभर कुजबुज चालली. शेवटी बाबांनी नुसता फ्लॅटचा नंबर लावला. मला कोणी काही समजावून सांगितलं नाही. गरजच नव्हती. कारखान्यात पहिल्या दिवशी गेले तेव्हा मीही माझं आडनाव जमेल तितकं हळू सांगितलं.

डिस्पॅचच्या ताईंनी तरीही ते ऐकलंच.

ताई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. कारखाना एका पत्र्याच्या शेडमध्ये सात-आठ माणसांवर चालायचा तेव्हापासूनच्या. लग्न केलेलं नव्हतं, विठ्ठलवाडीला भावाच्या घरी राहायच्या. चष्मा दोरीने गळ्यात, आणि उजव्या अंगठ्याला शिक्क्याची निळी शाई कायमची. माझं आडनाव ऐकून त्या खुर्चीवरून उठल्या आणि भरल्या ऑफिसात म्हणाल्या, "अगं, आपलीच की तू! कुठल्या कॅम्पातली? वडील काय करतात?"

मी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही. कान गरम झाले होते तेवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दारातूनच म्हणाल्या, "जय भीम, पोरी!"

मी म्हटलं, "गुड मॉर्निंग, ताई."

त्यांना वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या आणखी मोठ्यांदा म्हणाल्या.

खरं सांगायचं तर त्या ऑफिसात मला कोणी कधी वेगळं वागवलं नाही. अकाउंट्समधल्या एकाने एकदा विचारलं, "तुम्ही दोघी नात्यातल्या का?" एवढंच. पण तेवढं मला पुरलं. त्या दिवसापासून मला ताईंचा आवाज नकोसा झाला. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला कुठल्या बाथरूमची कडी नीट लागते ते दाखवलं होतं. माझ्यासाठी सुक्या बोंबलाची चटणी छोट्या डबीत वेगळी आणायच्या. चटणी मी खात होते, आणि त्या टेबलापाशी आल्या की कुणाचं लक्ष आहे का ते बघत होते.

वर्षभराने नवे साहेब आले. पुण्याच्या मोठ्या कंपनीत काम केलेले, चाळिशीचे, आवाज कधीही न चढवणारे. कारखान्याला परदेशी ऑर्डर हव्या होत्या. त्यासाठी एक सर्टिफिकेट लागणार होतं, आणि सर्टिफिकेटसाठी इथे कोण काय काम करतं हे सगळं लिहून काढायला हवं होतं. साहेबांनी मला बोलावलं आणि सर्व्हरवर एक विकी बसवायला सांगितलं.

विकी म्हणजे ऑफिसातल्या कुणालाही उघडता येतील आणि कुणालाही बदलता येतील अशी पानं. कोणी कधी काय बदललं याची नोंद आपोआप राहते. चुकीचं काही झालं तर एक बटण दाबून जुनं परत आणता येतं. हे मला आवडलं. पण खरी मजा पुढे होती. साहेबांनी त्या विकीला एक जोड लावायला सांगितली, आणि माझ्या शेजारी उभं राहून एका पानावर दोन ओळी लिहिल्या. मूळ ओळी इंग्रजी अक्षरांत होत्या, कारण मराठी अक्षरांच्या जागी चित्रात नुसती रिकामी खोकी यायची. मी त्या इथे मराठीत लिहिते:

तपासणी -> शिक्का
शिक्का -> गेट

त्यांनी सेव्हचं बटण दाबलं आणि त्या दोन ओळींच्या जागी चित्र आलं. तीन चौकोन, एकाखाली एक, मध्ये बाण. एक आडवी रेघ आणि एक टोकदार कंस लिहिला की झाला बाण.

"चौकोन काढत बसू नका," साहेब म्हणाले. "तुम्ही फक्त लिहा, कोणानंतर कोण. काढायचं काम त्याचं."

याआधी असलं चित्र काढायचं म्हणजे माउसने एकेक चौकोन ओढत बसायचं. मध्ये एखादा वाढला की खालचे सगळे पुन्हा सरकवा. इथे तसलं काही नव्हतं. ओळ वाढवली की चित्र आपोआप जागा करायचं. ओळ काढली की आपोआप मिटायचं, जणू तिथे कधी काही नव्हतंच. प्रश्न असेल तिथे चौकटचा आकार यायचा, पत्त्यांतल्यासारखा, त्यातून हो आणि नाही असे दोन बाण निघायचे. आठ दिवसांत मी तीस-चाळीस ओळींची चित्रं काढायला लागले. अख्ख्या कारखान्यात ते येणारी मी एकटी होते. आयुष्यात पहिल्यांदा असं काहीतरी माझ्याकडे होतं जे दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, आणि ते मला चढलं.

मग मी वही घेऊन सगळीकडे फिरले. प्रत्येकाला तीनच प्रश्न. तुमच्याकडे काय येतं? तुम्ही त्याचं काय करता? पुढे कोणाला देता? स्टोअरवाल्यांनी सांगितलं, वेल्डिंगवाल्यांनी सांगितलं. संध्याकाळी मी ते ओळींत बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यांना त्यांचं चित्र दाखवायचे. मोठी मोठी माणसं स्वतःच्या चौकोनाकडे लग्नाच्या अल्बमसारखी बघायची.

ताईंकडे मी सगळ्यात शेवटी गेले. मुद्दाम.

"ये ये," त्या म्हणाल्या आणि पॅकिंगच्या माणसांना हाक मारून सांगितलं, "अरे, आमची पोरगी आली बघा. कॉम्प्युटर इंजिनीयर आहे. आमच्यातली."

मी इंजिनीयर नव्हते, डिप्लोमावाली होते. पॅकिंगचे सुपरवायझर हसले. त्यांचं हसणं साधं होतं. मला ते तसं ऐकू आलं नाही.

"ताई, तुमच्याकडे काय येतं?"

"तपासणीचा कागद येतो. किती नग, कुठल्या मापाचे, कुठे जायचे."

"मग तुम्ही काय करता?"

"बघते. शिक्का मारते. गेटवर देते."

"बघता म्हणजे काय करता?"

"बघते म्हणजे बघते गं."

"म्हणजे कधी परत पाठवता का?"

"रोजच की."

"कशावरून?"

ताईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि सांगायला लागल्या. जेवणाच्या आधीच्या तासात पॅकिंगचे लोक दमलेले असतात, तेव्हा दोन खोक्यांचे टॅग हमखास अदलाबदल होतात, म्हणून त्या तासातली खोकी त्या स्वतः उघडून बघतात. एका गिऱ्हाइकाकडे शनिवारी क्रेनवाला येत नाही, तिथे शुक्रवारी दुपारनंतर माल पाठवायचा नाही, नाहीतर गाडी दोन दिवस रस्त्यात उभी राहते. ड्रायव्हर नवा असेल तर निघायच्या आधी त्याच्याशी फोनवर बोलायचं, पत्ता त्याच्या तोंडून परत म्हणवून घ्यायचा. सीलचा रंग फिका असला तर सील जुनं आहे, बदलून घ्यायचं. असं बरंच. त्या पंधरा मिनिटं बोलत होत्या.

माझ्या हातात पेन होतं. मी लिहिलं नाही. मान हलवत होते, आणि वहीच्या पानावर एकच ओळ होती: कागद येतो, शिक्का, गेट.

कंटाळा आला म्हणून लिहिलं नाही असं मी नंतर कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. त्या बोलत असताना मला नीट कळत होतं की हे लिहिलं तर या बाईचा चौकोन अख्ख्या चित्रातला सगळ्यात मोठा होईल. तो मला मोठा व्हायला नको होता.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी मीटिंग बोलावली. दुपारची चारची वेळ. कॉन्फरन्स रूम म्हणून काही नव्हतंच. वरच्या मजल्यावरच्या हॉलच्या भिंतीवर पांढरी चादर लावली आणि भाड्याने आणलेला प्रोजेक्टर सुरू केला. वीस-पंचवीस लोक होते. ताई मागच्या रांगेत बसल्या होत्या. चित्र भिंतीवर आलं, वरपासून खालपर्यंत, माल येतो तिथून माल जातो तिथपर्यंत. ताईंनी शेजारच्या बाईला बोट करून दाखवलं, "तो बघ, तो शिक्क्याचा. तो माझा."

साहेब हातात पट्टी घेऊन एकेक चौकोनावरून खाली येत होते. शिक्क्यावर येऊन थांबले.

"इथे एक बाण आत येतो, एक बाहेर जातो. मध्ये प्रश्न नाही. हो-नाही नाही. मग इथे नक्की काय ठरतं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मीच काढलं होतं, मलाच विचारणार.

तेव्हाही बोलता आलं असतं. सर, इथे माझं लिहायचं राहिलंय, एवढं वाक्य पुरलं असतं.

मी म्हटलं, "काही नाही सर. कागद पुढे जातो."

"काढून बघा बरं."

मी पान बदलायला उघडलं. भिंतीवर सगळ्यांना ओळी दिसत होत्या. मी शिक्क्याच्या दोन्ही ओळी माउसने निळ्या केल्या, पुसल्या आणि एक ओळ लिहिली:

तपासणी -> गेट

सेव्ह. चित्र पुन्हा आलं. पहिल्यापेक्षा थोडं आखूड, नीटनेटकं. तपासणीखाली थेट गेट.

"काही तुटलं का?" साहेबांनी सगळ्यांना विचारलं.

कोणीतरी मागून म्हणालं, "उलट पाच मिनिटं वाचली." लोक हसले. ताईही हसल्या. त्यांना वाटलं, हे कसं चालतं ते दाखवण्यासाठी केलंय.

"आता परत घाल गं मला," त्या मागून ओरडून म्हणाल्या.

मी साहेबांकडे बघितलं.

"नंतर बघू," साहेब म्हणाले आणि पट्टी खाली गेटवर नेली.

पुढच्या सोमवारी ताईंना पत्र मिळालं. महिन्याची मुदत. भाषा फार सभ्य होती, कामाच्या पद्धतीत सुधारणा वगैरे. ताई ते हातात घेऊन थेट माझ्याकडे आल्या. मला वाटलं, रडतील किंवा शिव्या घालतील. मी दोन्हीची तयारी केली होती.

"पोरी, चित्रात मी राहिले म्हणून झालं ना हे?" त्या म्हणाल्या. "तुला घाई होती, तुझं राहून गेलं. साहेबांच्या समोर तू तरी काय बोलणार. मला शिकव ते. मी लिहिते माझं."

म्हणजे माझी बाजू त्यांनी आधीच घेऊन टाकली होती. मला राग आला. त्या माझ्यावर रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"सोपं आहे, ताई," मी म्हटलं आणि विकीच्या आणि त्या चित्रांच्या मदतीची दोन पानं प्रिंट काढून दिली. इंग्रजीत होती. ताई दहावी पास होत्या, तीही रात्रशाळेतून. मी त्यांना एक लॉगिन बनवून दिलं, कारण विकीचा नियमच होता की प्रत्येकाला लॉगिन मिळेल. शेजारी बसून दहा मिनिटं शिकवलं असतं तर त्यांना आलं असतं. मला माहीत आहे, कारण नंतर मी त्यांच्याहून कमी शिकलेल्या माणसांना शिकवलंय.

ताई जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या कॉम्प्युटरवर बसायला लागल्या. सुपरवायझर त्यांना खुर्ची द्यायचे. डबा शेजारी उघडा, ती दोन पानं पुढ्यात, आणि एका बोटाने एकेक अक्षर.

या असल्या लिखाणात एक अवतरण चिन्ह राहिलं तरी चित्र येत नाही. अख्खं पान लाल होतं आणि अमुक ओळीत चूक आहे असं इंग्रजीत लिहून येतं. त्यांच्या पहिल्याच सेव्हला डिस्पॅचचं चित्र गेलं. साहेबांनी फोन करून विचारलं, "त्या पानाला काय झालंय?" मी इतिहासात गेले, ताईंच्या नावाची नोंद बघितली आणि जुनं परत आणायचं बटण दाबलं. दोन सेकंदांचं काम.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. या वेळी चिन्हं बरोबर होती पण बाण उलटे. चित्रात ड्रायव्हर ताईंना फोन करत होता आणि गेट कागदाला ढकलत होतं. मी परत आणलं. तिसऱ्या वेळी त्यांनी बाणाच्या जागी गणितातलं बरोबरचं चिन्ह टाकलं होतं. परत आणलं. चौथ्या वेळी एका चौकोनात अख्खी चार वाक्यं घातली होती, इंग्रजी अक्षरांत मराठी, जशी बोलतात तशीच: बाबा रे पत्ता परत बोल, असं ड्रायव्हरला विचारायचं.

अकाउंट्समधली एक मुलगी माझ्याच वयाची होती. आम्ही दुपारचा चहा एकत्र घ्यायचो. मी ती चार वाक्यं प्रिंट काढून नेली आणि तिला वाचून दाखवली, ताईंच्या आवाजात. त्यांचा हेल मला चांगला जमायचा. जमणारच, माझ्या आजीचा तोच होता, आणि घरी आईचाही. ती मुलगी चहा सांडेपर्यंत हसली. म्हणाली, "अजून कर ना." मी अजून केलं. पाचव्या आणि सहाव्या वेळचंही केलं. पॅकिंगचे सुपरवायझर एकदा दारातून हे ऐकून गेले. त्यानंतर ते माझ्याशी फक्त कामापुरतं बोलायचे.

सातव्या वेळी पान लाल झालं तेव्हा मी लगेच परत आणलं नाही. का ते माहीत नाही. कदाचित चहाच्या वेळेला अजून वेळ होता म्हणून. ताईंचं सगळं लिखाण उचलून मी माझ्या एका कच्च्या पानावर घेतलं आणि बघायला लागले. चूक एकच राहिली होती, बाविसाव्या ओळीत एक कंस बंद केलेला नव्हता. बाकी सगळं बरोबर. त्या सातव्या वेळेपर्यंत त्या शिकल्या होत्या.

मी कंस बंद केला आणि सेव्ह केलं.

चित्र स्क्रीनवर मावेना. खाली सरकवत बघावं लागलं. अकरा चौकोन आणि चार प्रश्न. जेवणाआधीचा माल आहे का? हो असेल तर खोकं उघडा. टॅग बरोबर आहे का? नसेल तर बाण वर, पॅकिंगकडे परत. ड्रायव्हर नवा आहे का? शुक्रवारची दुपार आहे का? प्रत्येक प्रश्नातून दोन बाण, आणि एकही बाण हवेत लटकलेला नाही. मी त्या वर्षात शंभरेक चित्रं काढली असतील. इतकं पूर्ण एकही नव्हतं, कारण बाकीच्यांनी मला कामात काय व्हायला हवं ते सांगितलं होतं, आणि हे रोज खरंच काय होतं ते होतं. त्यातलं एकेक वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. त्यांच्या टेबलापाशी, हातात पेन धरून.

साहेब खालच्या केबिनमध्ये होते. ते चित्र छापून त्यांच्यापुढे ठेवायला तीन मिनिटं लागली असती. साहेब दुष्ट नव्हते. त्यांना पटलं असतं असं मला आजही वाटतं, आणि तेव्हाही वाटलं. पण मग ते विचारणार होते की हे तुम्हाला आधी का दिसलं नाही. आणि ताई उद्या सकाळी दारातून आधीपेक्षा दुप्पट आवाजात हाक मारणार होत्या.

मी कच्चं पान पुसलं. डिस्पॅचच्या पानावर जुनं परत आणलं. मग पानाला कुलूप लावलं. विकीत तशी सोय असते, ठरावीक माणसांनाच बदलता येईल अशी. मी दोन नावं ठेवली, साहेबांचं आणि माझं.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत ताई जिना चढून वर आल्या. धाप लागली होती.

"पोरी, ते बदलायचं बटण दिसत नाही गं आज."

"हो का? सर्व्हरचं काहीतरी असेल."

"माझ्या हातून काही चुकीचं दाबलं गेलं का?"

मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हटलं, "असेल. तसं होतं कधीकधी."

"सॉरी गं," ताई म्हणाल्या. "तुला निस्तरावं लागलं असेल सगळं. मी आता हात नाही लावत."

शेवटच्या दिवशी त्या सह्यांचा कागद घेऊन फिरत होत्या. नोकरी सोडणाऱ्याने प्रत्येक खात्याची सही आणायची, की यांच्याकडे आमचं काही राहिलेलं नाही. कॉम्प्युटरच्या रकान्यात लिहिलं होतं, लॉगिन बंद केले. तिथे सही माझी.

मी सही करायला कागद ओढला.

"आधी बंद कर," ताई म्हणाल्या. "माझ्यासमोर कर."

त्या शेजारी उभ्या राहिल्या. मी त्यांचं नाव यादीत शोधलं, निवडलं आणि पुसलं. खरंच पुसायचं का असं कॉम्प्युटरने विचारलं, मी हो म्हटलं. ताई चष्मा लावून बघत होत्या.

"झालं?"

"झालं."

"मग त्या दुसऱ्या पानावरचं नाव पण गेलं का?"

"कुठल्या पानावरचं?"

"ते नाही का, कोणी कधी काय केलं ते दिसतं. इतिहास. त्याच्यात माझं नाव सात वेळा आहे." त्यांनी चष्मा काढून गळ्यात सोडला. "आणि प्रत्येकाच्या वर तुझं. सगळ्यात वर कुलपाचं आहे, ते पण तुझंच."

ती दोन इंग्रजी पानं त्यांनी शेवटपर्यंत वाचली होती. इतिहास कसा बघायचा ते दुसऱ्या पानाच्या तळाशी होतं. समोरच्या कागदावर त्यांचं पूर्ण नाव टाइप केलेलं होतं, मी तेच वाचत राहिले.

"ते जात नाही," मी म्हटलं. "ते राहतं."

"बरं," ताई म्हणाल्या. "राहू दे."

मी सही केली. त्यांनी कागदाची घडी घातली आणि अकाउंट्सकडे गेल्या. निरोप समारंभ वगैरे झाला नाही. पॅकिंगच्या लोकांनी आपापसात वर्गणी काढून एक साडी आणली होती असं नंतर कळलं. मला कोणी वर्गणी विचारली नव्हती.

दोन महिन्यांनी एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे चुकीच्या मापाचे व्हॉल्व्ह गेले. टॅग अदलाबदल. महिना संपायच्या आत पुन्हा गेले. सर्टिफिकेटचं ऑडिट तोंडावर होतं. साहेबांनी मला बोलावून शांतपणे विचारलं, "डिस्पॅचच्या प्रोसेसमध्ये काय सुधारणा करता येईल? दोन दिवसांत काहीतरी द्या."

मी दोन दिवस घेतले नाहीत. इतिहासात गेले, सातवी नोंद उघडली, सगळं उचललं. बाविसाव्या ओळीतला कंस बंद केला. बाबा रे काढून तिथे सभ्य इंग्रजी घातलं. माझ्या नावाने सेव्ह केलं.

साहेब चित्राकडे बराच वेळ बघत होते. "याला म्हणतात अभ्यास," ते म्हणाले. "हे तुम्ही आधीच का नाही केलं?"

"सर, निरीक्षण करायला वेळ लागला," मी म्हटलं.

ते काम पॅकिंगच्या सुपरवायझरांकडे दिलं गेलं, त्यांच्या आधीच्या कामांवर आणखी एक. ते चित्र भिंतीवर लावायला मीच गेले होते. त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचलं आणि मला म्हणाले, "चिकटपट्टी देऊ का?" इतकंच. ऑडिट पार पडलं. आलेल्या माणसाने डिस्पॅचच्या चित्राचं नाव घेऊन कौतुक केलं. मला पगारवाढ मिळाली आणि पुढच्या वर्षी त्या चित्रांच्या जोरावरच मी मोठ्या कंपनीत गेले. मुलाखतीत हेच चित्र दाखवलं होतं.

त्यानंतर वर्षभराने बहिणीच्या लग्नाआधी तिला जीन्स घ्यायच्या होत्या, म्हणून आम्ही उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात गेलो. तिथे गल्लोगल्ली जीन्सचे कारखाने, खाली शिलाई आणि दारातच विक्री. बहीण एका दुकानात भाव करत बसली. मी शेजारच्या गाळ्यापाशी उभी राहिले. आत जमिनीवर पाच-सहा बाया बसल्या होत्या, धागे कापत, लेबलं तपासत. दाराजवळची बाई एकेक पँट उलटी करून आतलं माप आणि बाहेरचं लेबल जुळवत होती. चष्मा दोरीने गळ्यात नव्हता, नाकावर होता. केस बरेच पांढरे झाले होते.

मी निघून जाऊ शकले असते. पण त्यांनी मान वर केली आणि मला बघितलं. ओळखलं. त्यात शंका नाही, कारण पँट तशीच हातात राहिली आणि त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्यावर दोन-तीन श्वास तरी थांबले.

माझ्या तोंडात शब्द येत होता. ताई, किंवा तो नमस्कार, जो मी त्यांना एकदाही परत केला नव्हता. मी तो म्हणणारच होते.

"बोलो," ताई म्हणाल्या. हिंदीत. दुकानात येणाऱ्या कुठल्याही बाईला म्हणावं तसं, ना गोड ना कडू. "होलसेल चाहिए? सेठ अंदर बैठा है."

शेजारच्या बाईने वर बघितलं आणि पुन्हा कामाला लागली.

"नहीं," मी म्हटलं. मीही हिंदीतच. "कुछ नहीं. ऐसे ही देख रही थी."

ताईंनी पुढची पँट ओढून घेतली, उलटी केली आणि लेबल डोळ्यांजवळ नेलं. मी बहिणीकडे गेले. तिने दोन पँटी घेतल्या होत्या आणि तिसरी कुठल्या रंगाची घ्यावी ते मला विचारत होती. मी काळी म्हटलं. मग आम्ही रिक्षा केली.